मोठा मासा लहान्याला छळतो आहे: कुणाला वेगळे करावे?

वाचकाचा प्रश्न

पुण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींच्या घरी तीन फुटी, सुमारे 130 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत दीड वर्षापासून ऑसेलॅरिस क्लाउनफिश या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या लहान समुद्री माशांची एक जोडी नांदते आहे. दुकानदाराने ती ‘जमलेली जोडी’ म्हणून दिली होती. मुलाने मोठ्या माशाचे नाव भीम ठेवले आणि लहान्याचे चिंगी. दोघे एकाच कोपऱ्यात झोपत असत. तीन आठवड्यांपूर्वी या कुटुंबाने घर बदलले आणि तेव्हापासून भीम चिंगीला टाकीभर पळवतो आहे. चिंगीची शेपटी फाटली आहे, ती पाण्याच्या वरच्या थरात, फिल्टरच्या मागे दडून राहते आणि दिवसातून अनेकदा आडवी होऊन फिट आल्यासारखी थरथरते. पतींचे म्हणणे, भीमला दुकानात परत द्यावे. जाऊबाईंचे म्हणणे, जोडप्यात भांडणे व्हायचीच, लक्ष देऊ नये. दुकानदाराचा सल्ला, तिसरा मासा किंवा अ‍ॅनिमोन (समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याने राहतात तो फुलासारखा प्राणी) आणा म्हणजे भीमचे लक्ष दुसरीकडे वळेल. चिंगीला ताकद यावी म्हणून या भगिनी तिला ड्रॉपरने जास्तीचे खाणे देऊ लागल्या आहेत. ‘नराने मादीचा केलेला हा जाच मला बघवत नाही, मुलगा रोज विचारतो, मी काय करू?’ असे त्या विचारतात.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात भीमच्या स्वभावाविषयी तुम्ही लिहिलेलेच मनात राहिले, कारण चारपैकी तीन पाने त्यावरच आहेत. दुसऱ्या वाचनात मात्र एका वाक्यापाशी थांबलो. ते तुम्ही अगदी जाता जाता लिहिले आहे: ‘नव्या घरी टाकी लावल्यावर भीमला आधी सोडले, चिंगी आणखी चार दिवस मैत्रिणीकडे होती.’ माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वाक्यात आहे. त्याकडे येण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमची सगळी घालमेल त्यावर उभी आहे.

भीम नर नाही. जमलेल्या जोडीतला मोठा मासा नेहमी मादी असतो आणि लहान असतो तो नर. क्लाउनफिशची पिल्ले मादी म्हणून वाढत नाहीत. गटात जो मासा सर्वांवर वरचढ ठरतो तो मादी होतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर होतो आणि उरलेले, असलेच तर, लहान आणि अपक्व राहतात. मादी मेली की नराचे मादीत रूपांतर होते. उलट दिशेने हा प्रवास होत नाही. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. तेव्हा यापुढे मी भीमला ‘ती’ आणि चिंगीला ‘तो’ म्हणेन. नावे बदलण्याची काही गरज नाही, पण ‘नवरा बायकोला मारतो’ हे जे चित्र तुमच्या मनात बसले आहे आणि ज्याच्यामुळे तुम्हाला काचेसमोर बसणेही नकोसे झाले आहे, ते बाजूला ठेवावे अशी माझी विनंती आहे. तुमची अस्वस्थता खोटी आहे असे मी म्हणत नाही. चिंगीला खरोखर त्रास होतो आहे. पण माणसाच्या घरातला न्याय इथे लावला तर उपाय चुकेल, आणि चुकलेल्या उपायाची किंमत चिंगीलाच मोजावी लागेल.

मादी नराला दाबात ठेवते ती क्रूरपणाने नव्हे. तिचे स्थान त्या दाबावरच टिकून असते. पापुआ न्यू गिनीतील मदांग येथे जीवशास्त्रज्ञ पीटर बस्टन यांनी या माशांच्या गटांचा बारकाईने अभ्यास केला आणि 2003 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्यांना असे दिसले की एकाच अ‍ॅनिमोनमध्ये राहणाऱ्या माशांत आकाराची ठरलेली उतरंड असते आणि खालच्या पायरीवरचा मासा वरच्याला आव्हान वाटू नये म्हणून स्वतःची वाढच आवरून धरतो. ते मासे पर्क्युला जातीचे, म्हणजे तुमच्या ऑसेलॅरिसच्या सख्ख्या भावकीतले. अंदमानच्या प्रवाळांत तर ऑसेलॅरिस स्वतःच राहतो. समुद्रात जो ही मर्यादा ओलांडतो त्याला अ‍ॅनिमोनमधून हाकलले जाते. तुमच्या टाकीत अडचण आहे ती इथे. भीमने हाकलले तरी चिंगीला जायला जागाच नाही. तीन फुटांनंतर काच येते. म्हणून समुद्रात काही क्षणांत संपणारा पाठलाग काचेच्या पेटीत तासन् तास चालतो.

आता त्या चार दिवसांकडे येऊ. दीड वर्ष या दोघांत कोण वर, कोण खाली, हे ठरलेले होते आणि रोज थोड्याथोड्या खुणांनी ते पुन्हा पक्के होत होते. घर बदलताना ताटातूट झाली. भीम रिकाम्या टाकीत एकटी पोहोचली, तिने सगळे दगड, सगळे कोपरे आपले करून टाकले आणि चार दिवसांनी तिच्या हद्दीत एक मासा येऊन पडला. तो आपला जुना जोडीदार आहे हे तिला ओळखू आले की नाही, मी सांगू शकत नाही. पण वागणूक परक्या माशाला हाकलण्याचीच आहे. त्यात तुम्ही लिहिता की पूर्वी दगडांचे दोन ढीग होते आणि आता जागेअभावी सगळे एकाच बाजूला रचले आहेत. म्हणजे लपायचे ठिकाण एकच, आणि ते भीमच्या ताब्यात. हे सारे तुमच्याकडून अजाणता झाले. पत्रात तुम्ही ‘माझेच चुकले’ असे तीनदा लिहिले आहे, ते एकदाही लिहिण्याची गरज नव्हती. मोठ्या माशाला आधी सोडावे असेच कुणालाही वाटेल. यातली दिलासा देणारी गोष्ट ही की जे मांडणीमुळे बिघडले आहे, ते मांडणी बदलून पुष्कळदा सुधारते.

चिंगीच्या थरथरण्याने तुम्ही सर्वांत जास्त घाबरलात. ती फिट नाही. लहान क्लाउनफिश मोठ्यासमोर किंचित कलतो, अंग तिरके करतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो. ‘तू मोठी, मी लहान, मला मान्य आहे’ हे सांगण्याची ही त्याची रीत आहे. चांगल्या जमलेल्या जोडीतही हे दिवसभर चालू असते. रात्री घर शांत झाले की कान देऊन ऐका, टाकीतून टक्-टक् असा आवाजही येईल. हे मासे जबडा झटक्यात मिटून दातांवर दात आपटतात आणि तो आवाज काढतात. तेव्हा थरथर दिसली म्हणून काळजी करू नका. थरथरीनंतर भीम काय करते ते पाहा. ती थांबली, वळली, आपल्या कामाला लागली, तर त्यांची भाषा अजून चालू आहे. चिंगी थरथरून शरण आला तरी ती चावतच राहिली, तर मात्र ती भाषा तुटली आहे.

याच कसोटीवर जाऊबाईंचा सल्ला घासून पाहू. त्यांचे म्हणणे एरवी बरोबर ठरले असते. अंडी घालण्याच्या सुमारास मादी नराला ढोसते, दगड साफ करायला लावते, तेव्हा किरकोळ चावाचावी होतेच आणि ती आपोआप शमते. पण तुम्ही कळवलेल्या खुणा वेगळ्या आहेत. शेपटी फाटलेली, नर फिल्टरच्या मागे अडकून राहिलेला, खायला खाली न येणारा, आणि हे तीन आठवडे. यापैकी एकच खूण असती तर मीही ‘आठवडाभर थांबा’ म्हटले असते. सगळ्या एकत्र असताना थांबू नये. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच वेळ आली होती आणि मी ‘उद्या पाहू’ म्हणत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी नर पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला. अंगावर मोठी जखम नव्हती. पळून पळून दमला होता आणि खाणे कधीच सुटले होते. म्हणून दुर्लक्ष करा हा सल्ला तुमच्या बाबतीत मला मान्य नाही.

दुकानदाराचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. जोडी असलेल्या टाकीत तिसरा क्लाउनफिश म्हणजे बहुतेक वेळा तिसऱ्याचा मृत्यू. त्याने भीमचे लक्ष विभागले जाईल हे खरे, पण त्यासाठी एक जीव खर्ची पडेल. अ‍ॅनिमोनला मुरलेली, स्थिर टाकी आणि भरपूर उजेड लागतो. तीन आठवड्यांपूर्वी हलवलेल्या टाकीत तो टिकणे कठीण, आणि टिकला तर भीमला राखायला आणखी एक वस्तू मिळेल. पाळीव क्लाउनफिश अ‍ॅनिमोनवाचून वर्षानुवर्षे नीट राहतात. त्याऐवजी कुणी प्रवाळ देऊ केले तर हेही लक्षात असू द्या की भारतात टणक प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. एक पारदर्शक, भोके असलेला अ‍ॅक्रिलिकचा खोका घ्या. टाकीच्या आत काचेला अडकवता येणारे असे खोके अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत मिळतात. तो लगेच मिळाला नाही तर नवीकोरी प्लॅस्टिकची मोठी चाळणी तरंगती ठेवूनही काम भागते, पण स्वयंपाकघरातली वापरातली चाळणी नको, कारण भांड्यांच्या साबणाचा अंश माशाला घातक ठरतो. वर झाकण हवेच. हे मासे उडी मारतात. पहिले तीन-चार दिवस या खोक्यात चिंगीला ठेवा. त्याला पकडताना जाळीऐवजी एखादे पारदर्शक भांडे पाण्यात बुडवून त्यात हळूच वळवून घ्या, म्हणजे फाटलेले पर जाळीत आणखी गुंतणार नाहीत. खोक्यात त्याला कुणी चावणार नाही, तो पोटभर खाईल आणि दोघे एकमेकांना पाहत राहतील. हे पाहत राहणे महत्त्वाचे आहे. तुम्ही त्याला वेगळ्या बादलीत किंवा मैत्रिणीकडे ठेवलेत तर तो बरा होईल, पण परत सोडताना पुन्हा परकाच ठरेल आणि सगळे पहिल्यापासून सुरू होईल.

त्याचे खाणे सुरू झाले, शेपटीच्या कडा भरून येताना दिसल्या, की अदलाबदल करा. आता भीम खोक्यात, चिंगी मोकळा. त्याच दिवशी दगडांची मांडणी पूर्णपणे बदला, दोन वेगळे ढीग करा, आणि प्रत्येकात चिंगी शिरू शकेल पण भीमला शिरणे जड जाईल अशी एखादी फट ठेवा. खोका भीमच्या आवडत्या कोपऱ्यापासून दूरच्या टोकाला लावा. पाण्याचा प्रवाह देणाऱ्या पंपाचे तोंडही थोडे फिरवा. हेतू एकच, भीम बाहेर येईल तेव्हा तिला ही टाकी ओळखीची वाटू नये आणि चिंगीला मात्र तिचे कानेकोपरे ठाऊक असावेत. घर बदलताना जे उलटे झाले होते ते आपण सुलटे करतो आहोत. भीमला सात ते दहा दिवस आत ठेवा. ती पहिले दोन दिवस काचेला धडका देईल, तुम्हाला आणि मुलाला तिची दया येईल; तिला दोन वेळा नीट खायला द्या आणि धीर धरा. ही तिला दिलेली शिक्षा नाही, एवढे मुलाला जरूर समजावून सांगा.

खाण्याविषयी एक सावधगिरी. आज चिंगी खात नाही, म्हणून ड्रॉपरने भरवणे योग्यच आहे. पण ‘तो मोठा झाला की तिला पुरून उरेल’ हा जो विचार त्यामागे आहे तो सोडून द्या. दोन क्लाउनफिश आकाराने जितके जवळ येतात तितके त्यांच्यातले भांडण जीवघेणे होते, कारण मग मादीचे स्थान कुणाचे हाच प्रश्न उघडा पडतो. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे भीम आठ सेंटिमीटर आणि चिंगी साडेपाच. हा फरक त्या दोघांच्याही हिताचा आहे, तो तसाच राहू द्या. पुढे दोघे मोकळे असताना थोडे थोडे खाणे दिवसातून तीनदा, टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका, म्हणजे भीमला दोन्हीकडे पहारा देता येणार नाही.

या काळात पाणी तपासत राहा. टाकी हलवल्यावर गाळणीतले उपयुक्त जिवाणू कमी होतात आणि अमोनिया वाढतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, खाऱ्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आणि तापमान 26 अंश. खराब पाण्यात चांगल्या स्वभावाचा मासाही चिडचिडा होतो आणि जखमा भरत नाहीत. स्वच्छ पाण्यात फाटलेले पर औषधावाचून परत येतात. चिंगीच्या अंगावर बुळबुळीत पांढरा थर आला आणि श्वास फार वेगाने चालू लागला, तर ती क्लाउनफिशना ताणाच्या काळात ग्रासणारी परजीवीची लागण असू शकते. तेव्हा एक दिवसही न दवडता जाणकाराला दाखवा. तांबेयुक्त औषध मात्र मुख्य टाकीत कधीही ओतू नका, तुमची कोळंबी आणि गोगलगायी त्याने मरतील.

भीमला परत सोडण्याची वेळ संध्याकाळची ठेवा. दोघांना खायला घाला, दिवे मालवा आणि मग खोका अलगद तिरका करा. पहिला तासभर समोर बसा. पाठलाग होईल, चिंगी थरथरेल, भीम त्याला एक-दोनदा ढोसेल. हे सर्व व्हायलाच हवे, त्यातूनच त्यांचे पुन्हा जुळते. चिंगीने शरणागती पत्करल्यावरही ती अंगावर जात राहिली, किंवा सकाळी पर पुन्हा फाटलेले दिसले, तर भीमला आणखी दोन आठवडे खोक्यात ठेवा. असे तीन वेळा करूनही जमले नाही, तर हट्ट धरू नये.

आणि तिथे तुमच्या पतींचा पर्याय येतो. त्यांचे म्हणणे मी सर्वांत शेवटी घेतो आहे, कारण ते चुकीचे नाही, फक्त आत्ता घाईचे आहे. भीम परत गेली तर चिंगी एकटा राहील आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो स्वतः मादी होईल. मग त्याच्यासाठी त्याच्याहून बराच लहान, पाळीव पैदाशीचा ऑसेलॅरिस आणता येईल. केरळात विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखवल्याला बरीच वर्षे झाली. प्रवाळावरून पकडून आणलेल्या माशाऐवजी पैदाशीचाच मासा मागा. मात्र हे पक्के समजून घ्या की चिंगी मादी झाल्यावर त्याची आणि भीमची गाठ पुन्हा कधीच घालता येणार नाही. भीम ज्या घरी जाईल तिथेही दुसरा मोठा क्लाउनफिश नसावा, हे दुकानदाराला लेखी सांगा. मला विचाराल तर ती अशा घरी जावी जिथे ती एकटी राहील, किंवा जिथे तिच्याहून अगदी लहान जोडीदार आहे. पर्क्युला जातीच्या मादीचे आयुष्य समुद्रात 30 वर्षांपर्यंत असू शकते असा बस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे. इतक्या लांब आयुष्याच्या जिवाला ‘मारकुटा’ म्हणून जेमतेम तीन आठवड्यांच्या वागणुकीवर घराबाहेर काढू नये, एवढेच माझे म्हणणे.

तुमच्यासारखी पत्रे आणखी तिघांची आली आहेत, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. ज्यांच्याकडे सारख्या आकाराचे दोन पूर्ण वाढलेले मासे तोंडात तोंड घालून झुंजत आहेत, त्यांच्याकडे बहुधा दोन माद्या आहेत. तिथे खोक्याचा उपयोग नाही, दोघींना आजच वेगळे करावे. मरून, टोमॅटो आणि क्लार्की या क्लाउनफिशच्या इतर जाती ऑसेलॅरिसपेक्षा कितीतरी तापट असतात. त्यांच्या माद्यांशी जोडी जमवताना खोक्यातला काळ दुप्पट धरावा, आणि दोन वेगवेगळ्या जाती एका टाकीत ठेवू नयेत. नव्याने घेणाऱ्यांनी दुकानातल्या ‘जमलेली जोडी’ या शब्दांवर न जाता टाकीसमोर दहा मिनिटे उभे राहावे: एक मासा ठळकपणे मोठा आहे का, लहान्याची थरथर दिसते का, आणि ती दिसल्यावर मोठा थांबतो का. घर किंवा टाकी बदलताना दोघांना एकाच वेळी सोडावे, नाहीतर लहान्याला आधी.

तुमच्या मुलाने विचारले आहे की चिंगीला भीम आवडत नाही का. त्याला सांगा की चिंगी तिला घाबरतो आहे, कारण तिची ओळख थोडी विसरल्यासारखी झाली आहे, आणि ती परत करून देण्याचे काम आता तुम्हा दोघांचे आहे. त्याच्याकडे एक वही द्या. चिंगीने सकाळी किती घास खाल्ले, तो फिल्टरच्या मागे होता की दगडाजवळ, आणि थरथरल्यावर भीम थांबली की नाही, एवढे तीन रकाने पुरेत. भीमला सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याची ती पाने मला पाठवा. पुढे काय करायचे ते त्यावरून ठरवू.